टेप बसला आणि बॅटरी बसली

वाशीमहून पुसदला जाताना वाटेत आमचं अनसिंग लागतं. मी सांगतोय तो काळ १९९० च्या आसपासचा. तेव्हा अनसिंग अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. स्टँडजवळ एका टिनाच्या शेडमध्ये आमच्या उस्तादांचं काम चालायचं. डायनामो, सेल्फ, हॉर्न, वायरिंग. शाळेच्या सुट्ट्यांत मी तिथे हाताखाली असायचो. काळ्या-पिवळ्या जिपा वाशीम आणि पुसद अशा दोन्ही बाजूंनी येत. ड्रायव्हर खाली उतरायचा आणि तक्रार नेहमी एकाच शब्दाने सुरू करायचा: ‘टेप बसवल्यापासून...’

टेप बसवल्यापासून सकाळी जीप सेल्फ घेत नाही. टेप बसवल्यापासून लाईट मिणमिणतात. टेप बसवल्यापासून इंडिकेटर दिला की गाणं थांबतं.

पुढे मी आयटीआयला शिकवू लागलो. टेपच्या जागी सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, मग पडद्याचे प्लेअर, एलईडी दिवे, मागचं दाखवणारे कॅमेरे आणि ट्रॅकर आले. वाक्य मात्र तेच राहिलं, फक्त पहिला शब्द बदलला. या वाक्याचा माग काढत मी मागे गेलो, तर ते जवळजवळ शंभर वर्षांचं निघालं. त्याचीच ही हकिकत.

अमेरिकेत शिकागो शहरात पॉल गॅल्विन नावाचे एक उद्योजक होते. १९२८ साली त्यांनी लहानसा कारखाना काढला. घरातला रेडिओ बॅटरीऐवजी घरच्या विजेवर चालावा यासाठीचं एक उपकरण तिथे बनत असे. १९२९ ची मंदी आली आणि धंदा बसला. तेव्हा गॅल्विन यांनी मोटारीत बसेल असा रेडिओ करायचं ठरवलं. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे दोन तरुण त्या कामात होते. (हेच लिअर पुढे छोटी जेट विमानं बनवण्यासाठी प्रसिद्ध झाले.) जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं. स्टॉल घ्यायला पैसे नव्हते, म्हणून गॅल्विन यांनी बाहेर आपली मोटार उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोठ्या आवाजात रेडिओ ऐकवला, असं सांगतात. ऑर्डरी मिळाल्या. त्या रेडिओचा नमुना क्रमांक ५टी७१ आणि नाव मोटोरोला. किंमत ११० ते १३० डॉलरच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या स्वस्त मोटारीच्या किमतीचा चांगलाच मोठा हिस्सा.

ही झाली यशाची गोष्ट. माझ्यासारख्या वायरवाल्याला तिची दुसरी बाजू जास्त जवळची वाटते. त्या काळात गाडीत रेडिओ बसवणं म्हणजे दोन माणसांचं दिवसभराचं, कधी त्याहून जास्त काम असे. डॅशबोर्ड उघडायचा, छताच्या कापडाआड एरियलची तार पसरायची, रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हना लागणाऱ्या वेगळ्या बॅटऱ्यांसाठी तळाच्या फळीला भोक पाडायचं. एवढं करून इंजिन सुरू केलं, की गाणं गायब आणि नुसता कडकडाट! पेट्रोल इंजिनातला प्रत्येक प्लग ठिणगी टाकतो आणि प्रत्येक ठिणगी हे एक छोटंसं रेडिओ केंद्रच असतं. ते बाकी केंद्रांना दाबून टाकतं.

गॅल्विन यांच्याबद्दल आणखी एक किस्सा सांगतात. कर्ज मिळावं म्हणून त्यांनी एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला. किस्सा थोडा रंगवलेला असेल. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला तो खोटा वाटत नाही.

कडकडाट बंद कसा केला? एक-एक शोधून. प्लगच्या आणि डिस्ट्रिब्यूटरच्या तारेत रोध घातले. डायनामोवर कंडेन्सर लावला. रेडिओ पत्र्याच्या डब्यात बंद केला. बॉनेट आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या जोडल्या. एका गाडीला लागू पडलेला उपाय दुसरीला लागू पडेलच असं नव्हतं. हा त्रास एवढा सार्वत्रिक झाला, की १९३४ मध्ये रेडिओतल्या अशा व्यत्ययांचा विचार करायला एक आंतरराष्ट्रीय समिती बसली. तिचं संक्षिप्त नाव सिस्पर. ती आजही काम करते आणि गाडीतल्या वस्तूंनी किती ‘आवाज’ करावा याच्या मर्यादा तिच्याच प्रमाणकांत असतात.

आपल्याकडे गाडीतला रेडिओ उशिरा आणि मोजक्या घरांत आला. मुळात गाड्याच कमी. त्यात रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, ते ऐंशीच्या दशकापर्यंत. तोवर रेडिओच्या पोटातली वस्तूही बदलली होती. जुन्या व्हॉल्व्हना दोन-अडीचशे व्होल्ट लागत, म्हणून बॅटरीचा करंट सेकंदाला शंभराहून अधिक वेळा तोडून-जोडून वाढवावा लागे. त्याचीच एक घुरघुर असे. १९५५ मध्ये फिल्को कंपनीने क्रायसलरसाठी पूर्ण ट्रान्झिस्टरचा गाडी-रेडिओ काढला आणि ही भानगड संपली. पण एका नव्या भानगडीला तोंड फुटलं. व्हॉल्व्हच्या सेटला बॅटरीचं धन टोक कुठलं आणि ऋण कुठलं याचं फारसं सोयरसुतक नसे. ट्रान्झिस्टरला उलटं जोडलं की तो क्षणात गेलाच. आणि इंग्लंडमध्ये तर तीसच्या दशकापासून साठच्या दशकापर्यंत गाड्यांच्या सांगाड्याला धन टोक जोडायची पद्धत होती! आमचे उस्ताद जुनी इंग्लिश मोटार दिसली, की आधी बॅटरीकडे बोट दाखवत आणि म्हणत, ‘पहिले इचं उलटं-सुलटं पाय, मंग हात लाव.’

सांगाड्याचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा थांबतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. घरातल्या दिव्याला दोन तारा जातात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच जाते. दुसरी तार म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. दिव्यातून, भोंग्यातून, टेपमधून गेलेला करंट त्या लोखंडातून बॅटरीकडे परततो. त्यालाच आम्ही ‘अर्थ’ म्हणतो. त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. तांबं वाचावं म्हणून फार पूर्वीच ही युक्ती काढली आणि ती चांगलीच आहे. फक्त लोखंड गंजतं, त्याला रंग चढतो, नट ढिले होतात. उस्ताद म्हणायचे, ‘करंट कोठून येते ते सारे पायतात. वापस कोठून जाते ते कोनी पायत नाही.’

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली, १९६८ मध्ये गाडीत बसणारा कॅसेट प्लेअर आणला. आमच्या भागात त्याची खरी लाट आली ती ऐंशीच्या दशकात, कॅसेट स्वस्त झाल्यावर. टेप नसलेल्या जिपेला लग्नसराईत भाडं मिळेना. मालक टेप, त्याच्या जोडीला अ‍ॅम्प्लिफायर, मागे दोन मोठे स्पीकर, समोर दोन जादा हॅलोजन आणि कडेने रंगीत बल्बांची माळ असं सगळं एकदम लावून घेत.

आणि मग वरात निघे. वरात चालते माणसाच्या पावलाने, म्हणजे जीप पहिल्या गिअरमध्ये रांगत असते. जुन्या जिपांना डायनामो असे. चांगल्या वेगात तो वीस-बावीस अँपिअर देई, पण इंजिन मंद चालताना जवळपास काहीच नाही. त्या वेळी कटआऊट डायनामोला बाजूला करतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. हेडलाइट, टेप, माळ मिळून अठरा अँपिअर धरा. दोन तासांची वरात म्हणजे छत्तीस. साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीतला निम्म्याहून जास्त माल गाण्यावर गेला. नवरदेव मांडवात पोचला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि परत निघताना सेल्फ मारला, तर नुसता ‘टक्‌’. वऱ्हाडी धक्का मारताहेत हे दृश्य आमच्याकडे नवं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालक शेडमध्ये हजर: टेप बसवल्यापासून बॅटरी बसली. तो बॅटरीवाल्याशी भांडून आलेला असे. बिचाऱ्या बॅटरीचा काहीच दोष नव्हता.

डिझेल जीपमध्ये प्लगच्या ठिणग्या नसतात, म्हणून १९३० सालचा तो कडकडाट तिथे येत नाही. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर आनंद झाला, कारण त्यामुळे शोध निम्मा होतो. डिझेल गाडीच्या टेपमध्ये आवाज येतो तो शिट्टीसारखा, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढत जाते. ही अल्टरनेटरची शिट्टी. १९६० मध्ये क्रायसलरने आपल्या गाड्यांना अल्टरनेटर द्यायला सुरुवात केली, मग सगळीकडे तो आला. तो मंद इंजिनावरही चार्जिंग करतो, वरातीचा प्रश्न बराच सुटला. पण त्याच्या करंटवर बारीक लहरी असतात. टेपची अर्थ एका जागी आणि अ‍ॅम्प्लिफायरची दुसऱ्याच गंजक्या जागी असेल, तर त्या दोन जागांमध्ये थोडासा फरक पडतो आणि तो फरक स्पीकरमधून गातो. उपाय साधा आहे. दोघांची अर्थ एकाच स्वच्छ घासलेल्या जागी घ्यायची. लोक मात्र आधी फिल्टर विकत आणतात.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मी दहावीच्या सुट्टीत होतो. उस्ताद जेवायला गेले होते. एका जिपेचा फ्यूज परत परत जात होता, नवीन हॅलोजन आणि टेप एकाच तारेवर जोडलेले. ड्रायव्हरला घाई, पुसदची सीट भरलेली. माझ्याकडे तेवढा फ्यूज नव्हता. मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी घेतली, जळालेल्या फ्यूजवर गुंडाळली आणि बसवून दिली. लाईट लागले, टेप वाजला. ड्रायव्हर खूश, मी खूश.

फ्यूज का जातोय हे मी पाहिलंच नाही. टेपची तार, घरात वापरतात तशी बारीक लाल-काळी, पत्र्याच्या भोकातून नेलेली होती आणि भोकाला रबरी बूच नव्हतं. पत्र्याची कड तारेला कुरतडत होती. फ्यूज होता तोवर तो जळून तारेला वाचवत होता. मी वाचवणाराच काढून घेतला. गाव सोडून जीप थोडी पुढे गेली आणि डॅशबोर्डखालून धूर निघाला. माणसं भराभर खाली उतरली. त्यांत एक लेकुरवाळी बाई होती. ड्रायव्हरने बॅटरीचं टर्मिनल ओढून काढलं, त्यात त्याचा हात भाजला. जीव कुणाचा गेला नाही. एवढंच.

मालकाने गावभर सांगितलं, की टेपच खराब होता. ज्या दुकानातून टेप घेतला, त्या दुकानाचं नाव इथे घेत नाही, पण त्याच्याकडून त्या वर्षी आमच्या भागातल्या कुणी फारसा टेप घेतला नाही. दुकानदाराचा दोष शून्य होता. उस्तादांनी जळालेला फ्यूज काढला, चांदीचा काळा तुकडा पाहिला आणि खिशात टाकला. मालकाला बोलले नाहीत. त्या जिपेचं सगळं वायरिंग त्यांनी दोन दिवस बसून, एक पैसा न घेता नवीन केलं. मला म्हणाले, ‘फ्यूज टेपसाठी नसते बापू, तारेसाठी असते.’ मी दुकानदाराकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं. गेलो नाही. ते गृहस्थ आज हयात नाहीत.

त्यानंतर मी प्रत्येक ‘बसवल्यापासून’ ऐकताना थोडा सावध असतो. नवीन वस्तू आल्यावर बिघाड झाला, म्हणजे नवीन वस्तूनेच केला असं नाही. आणि तिने केलाच नाही, असंही नाही. आयटीआयला लागल्यावर एक जीप आली होती. तक्रार अशी की नवा टेप बसवल्यापासून सेल्फ मारताना टेप बंद पडतो, सेल्फ रडत फिरतो आणि इंजिन बंद करायची ओढायची केबल इतकी गरम होते की चटका बसतो. मालकाने दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या, सेल्फ भरून घेतला होता. मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर ठेवलं, दुसरं इंजिनच्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. दिसले तीन. म्हणजे करंट इंजिनपर्यंत जात होता, पण परतीची वाट बंद होती. इंजिनला आणि सांगाड्याला जोडणारी विणलेली पट्टी रंगकामाच्या वेळी काढली होती आणि परत लावताना रंगाच्या थरावरच कसली होती. सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतायला वाट शोधत त्या बारीक केबलमधून चालला होता. सँडपेपरने रंग घासला, नट कसला, काम झालं. टेप बसवायला आणि गाडी रंगवायला मालकाने एकच मुहूर्त धरला होता, एवढाच टेपचा गुन्हा.

हॅलोजनचं वेगळं. तिथे तक्रार बहुधा खरी असते. दोन ६० वॅटचे बल्ब म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर. त्यांच्या जागी १०० चे लावले की सतरा. मूळ स्विच आणि मूळ तार दहाच्या हिशेबाने दिलेली असते. ती तापते, स्विच वितळतो आणि उजेडही हवा तेवढा पडत नाही, कारण वाटेतच व्होल्ट गळतात. त्यासाठी रिले असतो. त्याच्या पायांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. पोरं विचारतात, सर, एक-दोन-तीन-चार का नाही? ते आकडे जर्मन प्रमाणकातले आहेत. ३० म्हणजे थेट बॅटरीचं धन, ८७ म्हणजे दिव्याकडे, ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या गुंडाळीची दोन टोकं. पुसद-वाशीम रस्त्यावरच्या ज्या मिस्त्रीने कधी शाळा पाहिली नाही, त्यालाही हे आकडे पाठ असतात.

रात्रीतून बॅटरी उतरण्याचा शोध मात्र आम्ही अजून उस्तादांच्याच पद्धतीने शिकवतो. गाडी बंद, दारं बंद. बॅटरीची ऋण तार काढायची आणि तार व टर्मिनल यांच्यामध्ये एक बल्ब लावायचा. बल्ब ठळक पेटला, तर कुणीतरी करंट खातंय. मग एक-एक फ्यूज काढायचा. ज्या फ्यूजला बल्ब विझला, चोर त्या घरात. बहुतेक वेळा चोर टेपच्या तारांत सापडतो. पिवळी तार कायम बॅटरीवर हवी, घड्याळ आणि आठवण राखायला. लाल तार चावीवर हवी. घाईत दोन्ही कायम बॅटरीवर जोडल्या, की टेप रात्रभर अर्धवट जागा राहतो. अर्धा अँपिअर खाल्ला तरी दोन दिवसांत चोवीस अँपिअर-तास गेले. आणि ट्रॅक्टर-जीप आपल्याकडे दोन-दोन दिवस उभ्या असतातच.

नव्या गाड्यांवर ही बल्बाची पद्धत सरसकट वापरू नका, हेही सांगायला हवं. बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत जाहीर केली. गाडीतले छोटे संगणक दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात, ती ही पद्धत. आज साध्या गाडीतही ती असते. चावी काढल्यावर हे संगणक काही वेळ जागे असतात, मग झोपतात. तोवर थांबावं लागतं आणि मोजायला मीटर लागतो. पन्नास मिलिअँपिअरच्या आसपास असेल तर बहुधा ठीक. या गाड्यांत कुठल्याही तारेला चिमटा लावून करंट उचलला, की संगणकाला वाटतं बल्ब गेला, आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. प्रवासी गाड्यांना ट्रॅकर सक्तीचे होऊ लागल्यापासून हे जोड आणखी वाढलेत.

मागच्या हिवाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी नवीकोरी मालवाहू गाडी घेऊन आला. ‘सर, एलईडी लाईट बसवल्यापासून रेडिओ लागत नाही.’ मी गाडीत बसलो, रेडिओ सुरू केला. नुसती खरखर. हेडलाइट बंद करायला सांगितले. आवाज स्वच्छ आला, बातम्या चालू होत्या. लाईट लावले, परत खरखर. त्या स्वस्त एलईडीच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा करंट तोडतं-जोडतं आणि स्वतःच एक छोटं केंद्र होऊन बसतं. गॅल्विन यांच्या मोटारीत प्लग जे करत होते, तेच.

पोराला म्हटलं, दोन उपाय आहेत. चांगले, प्रमाणित दिवे घे, नाहीतर हे काढून कंपनीचे बल्ब परत लाव. तो म्हणाला, ‘आणि आता लगेच बातम्या ऐकायच्या असतील तर?’ दुपारचे बारा वाजले होते. मी लाईटचं बटण बंद केलं.